बडोद्याची सावली

गेल्या मे महिन्याच्या १० तारखेला, भर दुपारी साडेबाराच्या सुमारास, मी अंजनवेलला बहिणीच्या घरापुढील खळ्यात डोक्याला पंचा गुंडाळून उभा होतो. सुट्टीत बहिणीकडे गेलेला मनुष्य त्या वेळी जेथे असावयास हवा तेथे, म्हणजे ओटीवरील झोपाळ्यावर, मी नव्हतो याचे कारण माझी आठवीतली भाची. तिने खळ्याच्या मधोमध एक लोखंडी गज रोवला होता. गज पडद्याचा, जुना. पण जमिनीवर बरोबर १ मीटर उरेल असा मापून रोवलेला. शेजारच्या घरी आगोटीपूर्वीची डागडुजी चालली होती. तेथल्या गवंड्याचा ओळंबा तिने घटकाभर मागून आणला होता आणि गज चारी बाजूंनी सरळ आहे की नाही हे ती पुन्हा पुन्हा पाहत होती. माझ्याकडे काम एकच. मोबाइलमधल्या घड्याळाकडे पाहून मिनिटे मोठ्याने सांगायची.

साडेबाराला गजाच्या पायाशी बोटाच्या पेराएवढी सावली होती. १२ वाजून ३२ मिनिटांनी ती निम्मी झाली. ३४ मिनिटांनी पाहतो तो सावली नाही! गज आहे, ऊन आहे, भाची आहे, तिचा मामा घामाने निथळतो आहे. पण गजाची सावली गजाच्या पायात शिरून बसली आहे. शेजारी पालथ्या घातलेल्या पितळी पेल्याचीही तीच गत. लहानपणापासून कोकणातले ऊन मी खाल्ले आहे, पण असे कधी पाहिले नव्हते. पाहिले असेलही; लक्षात घेतले नव्हते.

“मामा, शून्य!” असे ओरडून भाचीने वहीत आकडा लिहिला आणि लगेच विचारले, “बडोद्याच्या दादाचा फोन आला का?”

आता हा बडोद्याचा दादा मध्येच कोठून आला ते सांगितले पाहिजे.

आपल्या देशात कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्याला ‘शून्य सावलीचा दिवस’ असे सुटसुटीत नाव मिळाले आहे. अंजनवेलला तो १० मेच्या आसपास येतो. रत्नागिरीस त्याच्या दोन दिवस आधी, पुण्यास १३-१४ मेला, मुंबईस १५-१६ मेला. सूर्य उत्तरेकडे सरकत असतो, तशी ही शून्य सावलीही दिवसामागून दिवस गावे घेत वर जाते. दुसरा दिवस परतीच्या वाटेवर, अंजनवेलपुरता ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या लोकशिक्षण समितीने अशी सोय केली आहे की, गाव निवडावे आणि तेथला दिवस व वेळ मोबाइलवर पाहावी. एवढे झाले तरी ही नुसती गंमत ठरली असती. भाचीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी ती गमतीवर सोडली नाही.

मे महिन्यात कोकणातली शाळा ओस पडते आणि मुले पांगतात. कोणी आजोळी चिपळूणला, कोणी काकांकडे मुंबईला, कोणी कोल्हापूरला. सरांनी नेमका याचाच फायदा घेतला. त्यांनी एक तक्ता केला आणि इंटरनेटवर ठेवला. गाव, काठीची उंची, सावलीची लांबी, सावलीची दिशा, वेळ आणि शेरा, असे त्याचे रकाने. ज्याने त्याने जेथे असेल तेथे १० मेला भर माध्यान्ही १ मीटरची काठी उभी करून सावली तीनदा मोजावयाची, सरासरी काढावयाची आणि वडिलांच्या किंवा काकांच्या मोबाइलवरून त्या एकाच तक्त्यात भरावयाची. एकाने लिहिले की ते तत्क्षणी सर्वांना दिसे. बडोद्याचा माझा पुतण्या त्या शाळेचा विद्यार्थी नव्हे. थोरले बंधू नोकरीनिमित्त तेथे गेले ते तेथलेच झाले. मुलगा तेथल्या शाळेत नववीत आहे. पण भाचीने नकाशात पाहून असा शोध लावला होता की, आपले अंजनवेल आणि दादाचे बडोदे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. दोन्ही गावांत माध्यान्ह एकाच मिनिटाला होणार! तिने सरांची परवानगी काढून दादाला तक्त्यात घेतले.

एकाच रेखावृत्तावर असण्याचे एवढे महत्त्व का, तर इरॅटॉस्थेनिसमुळे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा हा प्रमुख. दक्षिणेकडे सायीनी येथे, म्हणजे आजच्या आस्वानला, उन्हाळ्यातल्या एका दिवशी माध्यान्ही सावली पडत नाही हे त्याला ठाऊक होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडे, आणि तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरला. दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडिया धरले, पन्नासपट केली, पृथ्वीचा परीघ निघाला. आमच्या भाचीचा आनंद असा की, सायीनी आणि अलेक्झांड्रिया हीदेखील तितकीशी सरळ रेषेत नाहीत. त्यांच्यात सुमारे ३ अंशांचे अंतर आहे. “आपली गावे त्यांच्यापेक्षा बरी आहेत, मामा!” हे तिने मला चार वेळा तरी ऐकवले. अंजनवेलचे नाव घेतले की बाहेरचा माणूस एक तर गोपाळगड म्हणतो, नाही तर वीज कंपनी, एन्रॉन आणि त्या भानगडी काढतो. त्या गावाने इजिप्तवर कुरघोडी करावी, यात मौज होतीच.

पाच-सात मिनिटांनी पुतण्याचा आकडा तक्त्यात उमटला. सावली ९.३ सेंटिमीटर. भाची लगेच गणिताला बसली. कोन साधारण ५.३ अंश. बडोदे आणि अंजनवेल यांतले सरळ अंतर नकाशावरून सुमारे ५२७ किलोमीटर. उत्तर आले ३५,७०० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ ४०,००० च्या आसपास असतो हे तिला पाठ होते. तिचा चेहरा उतरला. “कुठेतरी चुकलंय,” म्हणाली आणि जेवायला गेली.

इतक्यात पुतण्याचा मला फोन आला. त्यानेही तेच गणित केले होते. “काका, चाळीस हजार यायला सावली किती पाहिजे हो?”

मी मराठीचा प्राध्यापक. पण बारावीपर्यंत विज्ञान शाखेत होतो आणि तेवढे त्रिकोणमिती अजून येते हे दाखवण्याची खुमखुमी कोणास नसते? मोबाइलवर आकडेमोड केली आणि सांगितले, “आठ पॉइंट तीन. जरा नीट बघ बरं, सावलीची कड धूसर असते, तू पुढपर्यंत मोजली असशील.” कड धूसर असते हे खोटे नव्हे. सूर्य बिंदू नसून तबकडी आहे, म्हणून १ मीटर काठीच्या सावलीचे टोक पाऊण-एक सेंटिमीटर तरी विरत गेलेले असते. पण मी ते सांगितले ते पोराला पळवाट म्हणून. “हां काका,” म्हणून त्याने फोन ठेवला. मी आमरसाकडे वळलो.

चार वाजता चहाच्या वेळी भाची मोबाइल घेऊन आली. “मामा, दादाने आकडा बदललाय. आधी ९.३ होता, आता ८.३ आहे. त्यानं परत मोजलं का? पण त्या वेळी तर माध्यान्ह टळून गेली होती.”

या असल्या तक्त्यांत एक खोड असते, ती मला ठाऊक नव्हती. कोणी, केव्हा, काय खोडून काय लिहिले, हे सर्व ते यंत्र मुकाट्याने आठवणीत ठेवते आणि विचारल्यास दाखवते. १२ वाजून ४१ मिनिटांनी ९.३. १ वाजून २० मिनिटांनी ८.३. माध्यान्ह ही काही पुन्हा बोलावता येणारी वस्तू नाही. तेव्हा दुसरा आकडा सूर्याचा नव्हता, माझा होता.

मी भाचीला खरे सांगितले. ती रागावली नाही. नुसते “अच्छा” म्हणाली. रागावली असती तर बरे झाले असते.

ही विद्या मला कोठे मिळाली तेही सांगून टाकतो. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला लंबकाचा प्रयोग असे. लंबकाची लांबी आणि झोक्याचा काळ यांवरून गुरुत्वत्वरण काढायचे. उत्तर ९८१ यायला हवे हे सर्वांना माहीत. आमचे उत्तर ९४० यायचे, कधी १,०२०. प्रयोगशाळेत वरच्या वर्गातून चालत आलेला शहाणपणा असा होता की, ९७८ असे उत्तर प्रथम लिहावे, म्हणजे फार चोखही दिसत नाही, आणि तेथून मागे चालत येऊन निरीक्षणे भरावीत. शिकवणाऱ्यांना ते माहीत होते. तपासणाऱ्यांनाही असणार. जर्नलवर लाल सही होई आणि वीसपैकी अठरा गुण मिळत. लंबक खरोखर कसा हलतो, दोरा लांब केला की काय होते, मोजताना माझा हात घड्याळावर किती उशिरा पडतो, यांतले मला काहीही कळले नाही. मराठी घेतले म्हणून बचावलो असे पुष्कळदा वाटते.

आता माझ्या जर्नलातला तो खोटा लंबक फार तर माझे नुकसान करून गेला. तो कपाटात कुजला. तक्त्याची गोष्ट निराळी असते. त्यात माझ्या आकड्यावर दुसरे कोणीतरी उभे राहणार असते.

भाचीने सरांना कळवले. दादा खोटे बोलला असे नव्हे. ‘दोन आकडे आहेत, कोणता धरू?’ असे. सरांचा निरोप संध्याकाळी आला. मला तो फार आवडला, म्हणून शब्द माझे असले तरी मजकूर सांगतो. पहिला आकडा परत लिही. दुसरा शेऱ्यात ठेव. आणि दादाला विचार, काठी ताठ आहे हे त्याने कशावरून ठरवले, आणि गच्चीवर गोटी ठेवली तर ती राहते का पळते?

पुतण्याने काठी उभी केली होती ती गुण्याने. फरशीशी बरोबर काटकोन जुळवला होता. त्यात त्याची काही चूक नव्हती. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात काठी जमिनीशी काटकोनातच असते. पण गोटी गच्चीवर ठेवताच ती उत्तरेकडच्या पन्हळीकडे धावली. गच्ची म्हणजे पृथ्वी नव्हे! पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून गवंड्याने तिला उतार दिलेला होता. बाहेर काढलेल्या दोऱ्याला वजन बांधून पुतण्याने रात्री विजेरीच्या उजेडात पाहिले. काठीचे वरचे टोक उत्तरेकडे १ सेंटिमीटर झुकलेले. सावलीही उत्तरेकडेच पडली होती. म्हणजे ९.३ मधला १ सेंटिमीटर सूर्याचा नव्हता, गच्चीचा होता. तो वजा केला. उरले ८.३.

तोच आकडा! दुपारी मी सांगितलेला आणि रात्री त्याने शोधलेला, दोन्ही ८.३. तक्त्यात पाहणाराला दोहोंत काही फरक दिसला नसता. भाचीने परीघ काढला, तो ४०,००० च्या अगदी गळ्याशी आला. सरांनी तेवढ्यावर तिला हुरळू दिले नाही. कडेच्या धूसरपणाने एवढ्याशा सावलीत ३-४ मिलिमीटर सहज इकडे-तिकडे होतात, आणि तेवढ्याने परिघात हजार-दोन हजार किलोमीटरचा फरक पडतो. तेव्हा इतके जवळ येण्यात थोडे नशीबही आहे, असे त्यांनी शेऱ्यात लिहून ठेवले. भाचीचा स्वतःचा एक आक्षेप होता, तो मला त्याहून मोलाचा वाटला. “मामा, अंतर आपण नकाशावरून घेतलं. पण ज्यांनी नकाशा केला त्यांना पृथ्वी केवढी हे आधीच माहीत असणार ना? मग आपण काय मोजलं?” मी निरुत्तर झालो. अंतर पायी मोजणे हा एक उपाय आहे, पण बहिणीने त्याला संमती दिली नसती.

तक्त्यात आणखी एक बाब होती. कोल्हापूरला गेलेल्या एका मुलाने सावलीची दिशा ‘दक्षिण’ लिहिली होती आणि लांबी दीड सेंटिमीटर. बाकी सगळीकडे उत्तर. मुंबईहून एकाने लगेच त्याची टर उडवली की, होकायंत्र उलटे धरले वाटते. तो मुलगा डगमगला नाही. आकडा तसाच राहू दिला. तोच बरोबर होता. १० मेला सूर्य कोल्हापूर ओलांडून पुढे, अंजनवेलच्या माथ्यावर आलेला असतो. म्हणून कोल्हापूरकरांची सावली दक्षिणेकडे पडते. उन्हाळ्यातले काही आठवडे आपल्या महाराष्ट्रात भर दुपारी सावली दक्षिणेकडे पडते, हे मला पंचेचाळीस वर्षे ठाऊक नव्हते.

हे सारे पाहताना मला आमच्या बाजूचीच एक गोष्ट आठवत होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सुरू झाली. ती १९६६ साली पुरी झाली. देशभरातून १,२५९ हस्तलिखिते जमवली, तपासली. काश्मीरची शारदा लिपी, बंगालची, मलबारची. पाठ जुळवून पाहण्याचे काम एकट्या पुण्यात उरकेना, म्हणून शांतिनिकेतनात आणि तंजावरातही माणसे बसली. प्रत्येक श्लोकाखाली छापील कागद, त्यावर प्रत्येक पोथीत काय आहे त्याची नोंद. हा तक्ताच की! कागदाचा आणि टपालाने हिंडणारा, एवढेच. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या साथीदारांना सर्वांत जास्त त्रास कोणत्या लेखनिकाने दिला असेल? आळशी लेखनिकाने नव्हे. त्याच्या चुका उघड दिसतात. त्रास देतो तो हुशार लेखनिक. समोरच्या पोथीत एखादा अवघड, विचित्र शब्द आला की ‘हे चुकले असावे’ म्हणून तो त्या जागी स्वतःच्या मनातला सोपा, बरोबर दिसणारा शब्द घालतो. म्हणून आमच्या शास्त्रात असा दंडक आहे की, दोन पाठांत अवघड पाठ बहुधा जुना धरावा. मी वर्गात हे दरवर्षी शिकवतो. आणि १० मेला मीच तो हुशार लेखनिक झालो होतो.

सगळ्यांनी मिळून मोजावयाचे ही कल्पना इंटरनेटबरोबर जन्मली असे मात्र कोणी समजू नये. १८३५ सालच्या जून महिन्यात केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांनी अटलांटिकच्या दोन्ही काठांवर, ९ देशांतल्या साडेसहाशेच्या आसपास ठिकाणी, पंधरवडाभर, दर पाव तासाला भरती-ओहोटीचे पाणी मोजवून घेतले होते. मोजणारे बहुतेक बंदरावरचे साधे नोकर. आकडे टपालाने आले. आपल्याकडे कुलाब्याच्या वेधशाळेचा दाखला आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवले. पण हलवताच जुने बंद केले नाही. दोन्हीकडे काही काळ बरोबरच मोजत राहिले. एकाचा ताळा दुसऱ्याशी लागला तेव्हाच कुलाबा सोडले. ‘ताळा’ हा शब्द आमच्या हिशेबनिसांचा. बेरीज दुसऱ्या वाटेने करून पाहणे म्हणजे ताळा. शाळेत पूर्वी तो गणिताखाली लिहावा लागे. आता कोणी विचारीत नाही.

शाळांसाठी अशी जाळी विणण्याचे मोठे प्रयत्न अमेरिकेत १९८० नंतर झाले. मुले आपापल्या गावच्या पावसातले आम्ल मोजत आणि टेलिफोनच्या तारेवरून आकडे एकमेकांना धाडत. १९९५ पासून ‘ग्लोब’ नावाची योजना चालू झाली. तीत शंभराहून अधिक देशांतल्या शाळा आल्या. भारत २००० साली आला. मुलांनी ढग, पाऊस, तापमान, माती यांची ठरलेल्या रीतीने नोंद करावी आणि शास्त्रज्ञांनीही ती वापरावी असा बेत. गंमत अशी की, याच मंडळींपैकी तिघांनी, फेल्डमन, कोनोल्ड आणि कुल्टर यांनी, २००० साली ‘नेटवर्क सायन्स : अ डिकेड लेटर’ या पुस्तकात दहा वर्षांचा जमाखर्च प्रांजळपणे मांडला. आकडे गोळा होतात, पाठवले जातात. पण जमलेल्या आकड्यांकडे वर्गात बसून बघणे, हा असा का आणि तो तसा का म्हणून भांडणे, याला वेळ उरत नाही. तारा जोडण्यातच शिक्षक दमतो. हे वाचले तेव्हा मला आमच्या अंजनवेलच्या सरांची गोटी आठवली. त्या दिवशी इंटरनेट नसते तर हे घडले नसते हे खरे. पण गोटीची आठवण तक्त्याला झाली नव्हती, सरांना झाली होती. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ९.३ दिसला असता, ‘चुकीची नोंद’ म्हणून काढून टाकला असता, आणि पुतण्या पुन्हा अशा भानगडीत पडला नसता.

सरांच्या डोक्यात आता आंबा आहे. २०१० च्या सुमारास ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम निघाला. त्यात शाळांचा, विशेषतः केरळातल्या शाळांचा, भरणा मोठा आहे. प्रत्येक मुलाने एक झाड आपले म्हणून निवडावयाचे, आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाऊन पाने, फुले, फळे पाहावयाची आणि नोंद करावयाची. मोजायचे काही नाही. ‘नाही’, ‘थोडे’, ‘पुष्कळ’ एवढ्या तीनच पायऱ्या. अशा हजारो नोंदी वर्षानुवर्षे साठल्या म्हणजे देशातला ऋतू कोठे, किती सरकला हे दिसू लागते. आंबा, फणस, चिंच, बहावा ही सगळी त्यांच्या यादीत आहेत. रत्नागिरी जिल्ह्याला याहून जिव्हाळ्याचा विषय कोणता? मोहोर कधी आला, कणी कधी धरली, थंडी उशिरा पडली म्हणून काय झाले, यावर येथे घरोघरी वर्षभराची चूल अवलंबून. पण हे सारे ज्ञान बागायतदाराच्या डोक्यात, वहीत नाही. आमच्या मेहुण्यांना ‘त्या वर्षी मोहोर तीनदा आला’ हे ठामपणे आठवते. ‘त्या वर्षी’ म्हणजे कोणत्या, हे विचारले की ते सुपारी कातरू लागतात.

भाचीने अर्थातच घराच्या पाठचा उत्तम हापूस निवडला. मेहुणे ओटीवरूनच म्हणाले, “तो नको घेऊस हो. त्याला कल्टार घातलंय. तो ऋतूचं नाही सांगायचा, माझंच सांगेल.”

कल्टार म्हणजे झाडाच्या मुळाशी द्यायचे औषध. त्याने वाढ आवरते आणि मोहोर लवकर व भरपूर येतो. कोकणातल्या बागांत ते सर्रास वापरतात. अशा झाडाची तारीख हवामानाच्या नोंदीत घालणे म्हणजे पुन्हा तोच ८.३. ही गोष्ट सरांना सुचण्याआधी मेहुण्यांना सुचली याचे मला फार बरे वाटले, कारण एरवी त्यांना या ‘मोबाइलच्या शाळे’चे मुळीच कौतुक नव्हते. शेवटी विहिरीजवळचा रायवळ ठरला. त्याला कोणी काही घातलेले नाही. फार तर मुले दगड घालतात. त्याच्या बुंध्याला भाचीने तांबडी फीत बांधली आहे. दर रविवारी ती त्याच्याखाली जाऊन मान वर करते. फळधारणा कितीही असो, कैऱ्या उतरवायच्या त्या नोंद झाल्यावरच, असा हुकूम तिने आजीपर्यंत सर्वांना बजावला आहे, आणि आजी तो रविवारी सकाळी सहा वाजता मोडते.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर सरांनी वर्गात तक्ता भिंतीवर पाडून सगळ्यांपुढे ठेवला. बडोद्याच्या ओळीवर म्हणे पाऊण तास गेला. कोणी विचारले, काठीला गुण्या लावण्याऐवजी ओळंबा का? कोणी विचारले, ओळंबा तरी सरळ खालीच जातो हे कशावरून? एकीने घरी जाऊन आपल्याही खळ्यात गोटी सोडून पाहिली आणि स्वतःची नोंद चुकीची असण्याचा संभव आहे असे आपण होऊन शेऱ्यात लिहिले. भाचीने हे सर्व मला फोनवर सांगितले. “आणि काका काय म्हणाले ते सांगितलंस का?” मी भीत भीत विचारले. तिने सांगितले नव्हते. पण यंत्राच्या आठवणीत तो १ वाजून २० मिनिटांचा आकडा अजून आहेच, आणि शेऱ्यात पुतण्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे : ‘८.३ हा आकडा आधी उत्तरावरून काढून लिहिला होता. तो धरू नये. खालचा ८.३ धरावा.’

ऑगस्टमधली परतीची शून्य सावली गाठायची म्हणून २ तारखेला भाचीने शाळेत गज नेला होता. मधल्या सुट्टीची वेळ सरांनी पुढे ढकलून घेतली होती. अकरापासून दाभोळच्या खाडीवर असा काही पाऊस धरला की पलीकडचा काठ दिसेना. मी मुंबईहून तक्ता उघडून पाहिला. अंजनवेलच्या ओळीत वेळ लिहिली होती, काठीची उंची लिहिली होती, सावलीचा रकाना मोकळा होता आणि शेऱ्यात होते : ‘मुसळधार पाऊस. सूर्य दिसला नाही. सावली होती की नव्हती, माहीत नाही.’